पोकलेनची बॅटरी बसते, तेव्हा पैसे नेमके कुठे घालायचे?

यवतमाळ जिल्ह्यात पोकलेनचा हंगाम ठरलेला. रब्बी उठली की शेततळी, नाला खोलीकरण, तलावातला गाळ. मृग लागेपर्यंत मशीनला उसंत नसते. मग काळ्या जमिनीचा चिखल झाला की ते धुऱ्याकडेला उभे राहते. दिवाळीच्या सुमारास चावी फिरवली, तर सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. मालक थेट बॅटरीच्या दुकानात जातो, २०-३० हजारांची जोडी आणतो आणि कधीकधी दोन महिन्यांत तीही बसते.

जुन्या मशीनमध्ये बॅटरी हे पुष्कळदा फक्त लक्षण असते. म्हणून पहिला खर्च मीटरचा: साधा डिजिटल मल्टिमीटर ३०० ते १,००० रुपयांत मिळतो. २० टनी पोकलेनला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. (जेसीबीसारख्या बॅकहोवर बहुधा १२ व्होल्टच असतात, तिथे जोडीचे मिळून दिलेले व्होल्टचे आकडे निम्मे धरा.)

पहिले माप सकाळी, रात्रभर मशीन बंद राहिल्यावर घ्या. दोन्ही मिळून २५.२ च्या वर असेल तर बॅटऱ्या भरलेल्या, २४.४ म्हणजे साधारण निम्म्या, २४ च्या खाली म्हणजे जवळपास रिकाम्या. मग प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. खरी गंमत इथेच कळते. एक १२.६ आणि दुसरी १०.५ दाखवत असेल, तर दुसरीचा एक सेल गेला असे समजा, कारण एका सेलचा वाटा २.१ व्होल्टचा असतो.

एक १२.६ आणि दुसरी १२.१ असेल, तर केबिनमध्ये डोकावा. ऑपरेटरचा पंखा, टेप, मोबाइलचा चार्जर एकाच बॅटरीवरून काढलेला सापडण्याची शक्यता मोठी. ती बॅटरी रोज उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरून उकळते. उपाय म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर, अंदाजे ८०० ते २,००० रुपयांत. मे महिन्यात पत्र्याच्या केबिनमध्ये पंखा हवाच. ऑपरेटरवर ओरडण्यापेक्षा कन्व्हर्टर बसवून द्या.

दुसरे माप सेल्फ मारताना. भरलेल्या बॅटऱ्यांचा व्होल्टेज १८-१९ च्या खाली कोसळला, तर बॅटऱ्या थकल्या आहेत किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय. व्होल्टेज २३ वर टिकून सेल्फ मंद फिरत असेल, तर दोष केबल, अर्थिंग किंवा सेल्फमध्ये आहे. वणी-मुकुटबनच्या कोळसा आणि चुनखडीच्या पट्ट्यात अर्थिंगचा बोल्ट धुळीने आणि गंजाने माखलेला असतो. तो घासून नवे लग बसवायला २००-५०० रुपये पुरतात.

तिसरे माप इंजिन थोडे वाढवून, बॅटरीच्याच टर्मिनलवर घ्या. २७.५ ते २८.५ आले तर अल्टरनेटर ठीक. आकडा बंद मशीनइतकाच राहिला तर चार्जिंग होतच नाही. २९.५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडलाय. अशा मशीनच्या बॅटरीत पाणी सारखे कमी होते आणि दुकानदार “उन्हाळा आहे” म्हणून सोडून देतो.

चार्जिंग नसेल तरी अल्टरनेटर लगेच उतरवू नका. आधी पट्टा, फ्यूज आणि चावी लावल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पाहा. बऱ्याच जुन्या मशीनांत त्या दिव्यातूनच अल्टरनेटर जागा होतो. बल्ब उडाला किंवा बारीक वायर तुटली की तो चार्जच करत नाही. हे काम शे-दोनशेचे. मग इंजिन चालू ठेवून, लाइट लावून अल्टरनेटरच्या जाड टर्मिनलपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर केबल बदला. एवढे करूनही चार्जिंग नसेल, तर कार्बन, रेग्युलेटर, डायोड प्लेट, बेअरिंग यांची दुरुस्ती १,५०० ते ५,००० मध्ये बसते. बाजारातला नवा अल्टरनेटर १०-१५ हजार, कंपनीचा २५ हजारांपुढे. माझा कौल बहुतेक वेळा दुरुस्तीला.

एक गोष्ट मात्र कोणत्याही मिस्त्रीला करू देऊ नका: चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर ‘तपासणे’. त्या झटक्यात कंट्रोलर जळू शकतो आणि त्याचा हिशेब लाखाच्या घरात जाऊ शकतो. बकेटच्या दातांना वेल्डिंग करतानाही आधी बॅटरी आणि कंट्रोलरचे सॉकेट काढा, वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेजवळच लावा.

सगळी मापे चांगली, तरी आठ-पंधरा दिवसांत बॅटरी उतरते? मग बंद मशीनमध्ये काहीतरी करंट खातेय. अनेकदा जीपीएसचा डबा असतो. ०.१ अँपिअर फारच किरकोळ वाटतो, पण तीस दिवसांत तो ७२ अँपिअर-तास खातो. १२० ची बॅटरी निम्म्याहून खाली येते. ५०० ते १,५०० रुपयांचा कट-ऑफ स्विच पावसाळाभराची चिंता मिटवतो. महिन्यातून एकदा दुकानात चार्ज करून आणली तर आणखी बरे.

इथले दर अंदाजाचे आहेत, ब्रँड आणि अँपिअरनुसार हलतील. बॅटरी घ्यायचीच ठरली तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीच्या आणि एकाच क्षमतेच्या घ्या. १००-१५० अँपिअरची एक ९ ते १६ हजारांत बसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा बिल पाहा. जुनी जोडी वजनावर वळती करून घ्या. मशीनवर लावल्यास वॉरंटी किती, ते बिलावरच लिहून मागा.

आणि मशीन अजून घ्यायचे असेल, तर नागपूर असो की वणी, बघायला जाताना मालकाला ‘आधी सुरू करू नका’ असे सांगा. पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा; ते गरम लागले तर उद्या सकाळी परत या. केबिनमध्ये जम्पर केबल पडलेली असेल किंवा जुनाट मशीनवर बिल नसलेली कोरी बॅटरी दिसली, तर तिन्ही मापे घेतल्याशिवाय विसार देऊ नका. चार्जिंग नाही असे निघाले तर बॅटऱ्यांची जोडी आणि अल्टरनेटर मिळून ४०-४५ हजार सौद्यातून कमी करायला सांगा. मालक स्वतः दुरुस्त करून देतो म्हणाला, तर दुरुस्तीनंतर मशीन दोन रात्री बंद ठेवून पुन्हा मोजा.