जिनमध्ये ऑटोफीडर आला, आता माझं काय?

प्रश्न : पांढरकवड्याजवळच्या जिनिंगमध्ये मी बरेच हंगाम मशीनवर हाताने कापूस टाकतो. मालक ऑटोफीडर बसवत आहेत. मी दहावी नापास. आता काय शिकू? – एक कामगार

उत्तर : तुमची काळजी खरी आहे. 2000 साली केंद्राचं कापूस तंत्रज्ञान मिशन आलं. त्यातून जिनांचं आधुनिकीकरण सुरू झालं, आणि हाताने कापूस टाकण्याचं काम परत येणार नाही. पण डबल रोलर जिनमधले चामड्याचे रोलर झिजतात, त्यांच्या खाचा पुन्हा पाडाव्या लागतात, सुऱ्यांचं अंतर जुळवावं लागतं. ते बिघडलं की सरकी फुटते, रुईचा भाव पडतो. हे फिटरचं काम, आणि ते ऑटोफीडर करत नाही. ओला किंवा कवडीचा कापूस तुम्ही हात लावताच ओळखता. ही पारख फिटरलाही लागते. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे चौकशी करा. मात्र माझ्या मते खरी शाळा तुमच्याच जिनमध्ये आहे: हंगाम संपल्यावर मशीन उघडतात, तेव्हा. त्या दिवसांत मला फिटरचा मदतनीस म्हणून मजुरीसह ठेवा, असं मालकांना आजच सांगा. शिकण्याचा खर्च एकट्या कामगारावर पडू नये.