हातोडा पडण्याआधी : जुन्या फ्लॅटच्या कामाचा खर्च आणि घराची किंमत यांचा मेळ कसा घालावा

तीस वर्षं जुन्या फ्लॅटला नवी लादी बसली की घरमालकाच्या मनात घराची किंमत लगेच वाढते. गिऱ्हाइकाच्या मनात ती वाढतेच असं नाही. पुण्यामुंबईत जुन्या फ्लॅटचा भाव मुख्यतः ठरतो तो परिसर, कार्पेट एरिया, मजला, पार्किंग आणि इमारतीची प्रकृती यांवर. आपण केलेल्या कामाला जागा मिळते ती उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत. ती पट्टी किती रुंद आहे हे आधी मोजायचं आणि मगच गवंड्याला फोन करायचा, एवढ्यासाठी ही कृती.

हाताशी घ्या : मेजर टेप, टॉर्च, एक रुपयाचं नाणं, चौकटीची वही, खरेदीखताची प्रत आणि सोसायटीचा शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल.

१. आधी वर्षं ठरवा. या घरात अजून किती दिवस राहणार, ते वहीच्या पहिल्या ओळीत लिहा : सहा महिन्यांत विकणार, पाच-सात वर्षं राहणार, की इथेच म्हातारे होणार. पुढचा सगळा हिशेब या ओळीवर उभा आहे. त्याखाली दुसरा प्रश्न लिहा : इमारत पुनर्विकासाला जाणार आहे का? २०१९ च्या शासन निर्णयानंतर पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. तुमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तो विषय घोळत असेल, तर बिल्डर तुमचा कार्पेट एरिया मोजेल. इटालियन मार्बलकडे तो बघणारही नाही. अशा घरात गळती आणि वायरिंग यांपलीकडे पैसा घालू नका.

२. छत काढा. इथे छत म्हणजे खर्चाची वरची मर्यादा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ करून तुमच्या आणि शेजारच्या इमारतींतल्या अलीकडच्या विक्रींची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, पाहा. त्यात क्षेत्रफळ, मोबदला आणि सरकारी बाजारभाव मिळतो. कोणता फ्लॅट नीटनेटका होता आणि कोणता पडीक, हे मात्र त्यात नसतं. ते वॉचमनला, सेक्रेटरींना किंवा एजंटला विचारून शेजारी टिपून घ्या. सारख्या क्षेत्रफळाच्या पडीक आणि नीट फ्लॅटच्या भावांत जो फरक दिसेल, ते तुमचं छत. त्या सरकारी बाजारभावाच्या, म्हणजे रेडी रेकनरच्या, मूल्यांकनात इमारतीचं वय धरतात, तुमची मॉड्युलर ट्रॉली नव्हे. म्हणून छत काढायला रेकनरचा उपयोग नाही.

३. टॉर्च घेऊन फेरी मारा. शक्यतो भर पावसाळ्यात किंवा पावसाळा सरता सरता, कारण भिंती तेव्हा खरं बोलतात. लादीवर नाणं वाजवत जा. पोकळ आवाज आला तर लादी सुटली आहे. बेसिनखाली, फ्लश टाकीमागे, खिडकीच्या कोपऱ्यांत टॉर्च मारा. मेन स्विचजवळ एमसीबी आहेत की जुने फ्यूज, अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत पाहा. आपल्या नहाणीची खबर तिथे आधी लागते.

गळती कोणाची हेही इथेच ठरवा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे आपल्या बाथरूम-संडासाची आतली गळती सभासदाच्या माथी. गच्ची आणि बाहेरच्या भिंती सोसायटीच्या. सोसायटीचं काम स्वतःच्या खिशातून करून टाकू नका. त्याच उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. ते झालंच नसेल, तर तुमच्या स्वयंपाकघराआधी तो विषय सभेत काढा.

४. तीन ढीग करा. यादीतलं प्रत्येक काम या तिन्हींपैकी एका ढिगात टाका :

- राखण : गळती, गंजलेल्या जीआय पाइपांच्या जागी सीपीव्हीसी, वायरिंग, स्लॅबचं उघडं पडलेलं लोखंड. याने भाव चढत नाही, पडायचा थांबतो. ओल दिसली की गिऱ्हाईक दुरुस्तीच्या खर्चापेक्षा जास्त रक्कम कापून मागतं, कारण भिंतीआड आणखी काय असेल, ही भीती त्यात मिळवलेली असते.
- उठाव : रंग, स्वच्छ नळ-कमोड, ओट्याची डागडुजी, सहज सरकणाऱ्या खिडक्या. खर्च थोडा आणि परिणाम पहिल्या भेटीत डोळ्यांत भरणारा.
- हौस : फॉल्स सीलिंग, भिंतभर वॉर्डरोब, टीव्ही युनिट, महाग लादी. तुमची आवड दुसऱ्याच्या खिशातून वसूल होईल, ही आशा धरू नका.

५. मापं स्वतः घ्या. एका खोलीचं उदाहरण पाहा. खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. बाजारातली ‘दोन बाय दोन’ लादी खरं तर ६०० मिलिमीटरची, म्हणजे जेमतेम ३.८७ चौरस फूट. लागल्या ३१. कापाकापी आणि तुटफूट धरून दहा टक्के जास्त, म्हणजे ३४. स्कर्टिंगसाठी खोलीचा घेर ४४ फूट, त्यातून दाराचे ३ वजा करून ४१. एका लादीतून चार इंचांहून किंचित कमी रुंदीच्या सहा पट्ट्या, म्हणजे साधारण पावणेबारा फूट. त्यासाठी आणखी ४ लाद्या. एकूण ३८. चारच्या बॉक्सने १० बॉक्स घ्या. उरलेल्या दोन पुढे एखादी फुटली तर कामी येतील, कारण तीच शेड नंतर मिळेलच असं नाही.

अशी यादी करून तीन ठेकेदारांना एकच कागद द्या. ‘लेबर रेट’ आणि ‘मालासकट’ वेगळे मागा. प्लायवुडचा ग्रेड, वायरची जाडी, वॉटरप्रूफिंगची पद्धत आणि राडारोडा उचलण्याचा खर्च त्यात लिहिलेला असू द्या. नुसती ‘पूर्ण काम इतके लाख’ अशी चिठ्ठी आली तर ती बाजूला ठेवा. येणाऱ्या बेरजेत दहा टक्के अडीअडचणीसाठी मिळवा. जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघेल ते गवंड्यालाही ठाऊक नसतं.

६. कागद आधी, हातोडा नंतर. सोसायटीला लेखी अर्ज द्या. कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि डिपॉझिटची अट विचारून घ्या. कॉलम, बीम, स्लॅब यांना हात लावू नका. बाल्कनी खोलीत घेणं, दोन फ्लॅट एक करणं, संडास हलवून खालच्यांच्या स्वयंपाकघरावर आणणं, ही कामं ‘सगळेच करतात’ म्हणून करू नका. पुढे विकताना गिऱ्हाइकाच्या बँकेचा माणूस मंजूर नकाशा घेऊन येतो. घर आणि नकाशा जुळले नाहीत तर कर्ज अडतं, आणि अडलेल्या कर्जाचा फटका भावालाच बसतो.

७. क्रम मोडू नका. तोडफोड, मग प्लंबिंग आणि वायरिंगच्या झिऱ्या, मग वॉटरप्रूफिंग, लादी, सुतारकाम, रंग आणि शेवटी नळ व दिवे. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅप बंद करून किमान चोवीस तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन पाहा. ही चाचणी होईपर्यंत लादी बसवू देऊ नका. खर्च वाचवायला लादीवर लादी लावली तर दारं घासतात, बाथरूमचा उंबरा बुडतो आणि जुन्या स्लॅबवर ओझं वाढतं.

८. पैसे कामामागून द्या. एक टप्पा संपला की एक हप्ता. शेवटचा दहा टक्क्यांचा हप्ता सगळे नळ, स्विच आणि दारं तपासून झाल्यावर. पैसे बँकेतून द्या, बिल घ्या. छोट्या गवंड्याकडे जीएसटी नंबर नसेल, तर कामाचा तपशील लिहिलेली सही केलेली पावती घ्या.

९. फाइल करा. लादी आणि प्लास्टरखाली जाण्याआधी पाइप व वायरिंगचे फोटो काढा. सोसायटीचं पत्र, बिलं आणि गॅरंटीचे कागद एकत्र ठेवा. विकताना गिऱ्हाइकाला हीच फाइल दाखवायची असते. शिवाय घरात टिकून राहणाऱ्या सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा करता येतो. नुसता रंग किंवा हलवता येणारं फर्निचर त्यात सहसा बसत नाही. दोन वर्षांहून जास्त ठेवलेल्या घराच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून इंडेक्सेशनशिवाय १२.५ टक्के दर आहे; त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांनी हिशेब करून, जे कमी पडेल ते भरता येतं. पहिल्या दराने, एक लाखाच्या पक्क्या बिलामागे साडेबारा हजारांचा कर वाचतो.

१०. शेवटची बेरीज. आकडे समजुतीसाठी घेऊ. शेजारचे पडीक फ्लॅट ६० लाखांना गेले, नीट फ्लॅट ६४ ला. छत ४ लाख. राखण २.५ लाख, उठाव १.५ लाख, हौस ४.५ लाख.

विकायचंय? राखण आणि उठाव मिळून ४ लाख, दहा टक्क्यांसह ४.४. छताच्या वर गेलात. ओट्याची डागडुजी सोडून फक्त पॉलिश आणि रंग केलात, तर उठाव ०.९ वर येतो, एकूण ३.४, दहा टक्क्यांसह ३.७४. हातात उरले २६ हजार, आणि ते कामाच्या दोन महिन्यांतल्या गृहकर्जाच्या हप्त्यांत आणि मेंटेनन्समध्ये विरघळतील. म्हणजे कामातून नफा नाही. घर लवकर खपेल आणि घासाघीस कमी होईल, एवढंच. तेवढी दगदग नको असेल, तर दोष सांगून ६० ला विकणं हाही शहाणा सौदा.

राहायचंय? राखण करायचीच, तिथे छताचा प्रश्न नाही. हौसेचे ४.५ लाख मात्र पहिल्या ओळीतल्या वर्षांनी भागा. नऊ वर्षं राहणार असाल तर वर्षाला ५० हजार, महिन्याला साधारण ४,२०० रुपये. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण तिचं महिन्याचं भाडं असं काढता येतं. ते आनंदाने परवडत असेल तर खुशाल फॉल्स सीलिंग करा, फक्त ते खर्चाच्या रकान्यात लिहा.