एकाच जीपला दोन तेले कशाला?

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार येते. ती पाहायला केवढी गर्दी लोटते! अशा राजेशाही मोटारी अर्थातच बोटांवर मोजण्याइतक्या. पण कोल्हापूरहून निपाणीकडे जाताना लागणारे कागल आणि भोवतालची गावे यांचा जुना सोबती वेगळा. तो म्हणजे जीप. उसाच्या फडापासून वडापपर्यंत सगळीकडे ती राबली. आता कोणी हौशी माणूस गोठ्याशेजारी पडलेली अशी एखादी जीप पुन्हा रस्त्यावर आणतो. इंजिन खोलतो, रंग देतो आणि शेवटी दुकानात जाऊन म्हणतो, “गिअर ऑइल द्या, चांगल्यातले.”

चूक होते ती इथेच. डब्यावर ‘जीएल-४’ किंवा ‘जीएल-५’ असे छापलेले असते. पाचवीचा विद्यार्थी चौथीच्या पुढचा, म्हणून पाचचे तेलही चारपेक्षा सरस, असे त्याला वाटते. तो तेच सगळीकडे भरतो. मग वर्ष-दोन वर्षांत गिअर टाकताना करकर ऐकू येऊ लागते.

असे का होते? दोन्ही तळहात एकमेकांवर दाबून जोरात चोळा. आता त्यांच्यामध्ये गोल पेन्सिल ठेवून ती फिरवा. पहिल्या वेळी हात तापले, दुसऱ्या वेळी नाही. पहिले सरकणे, दुसरे लोळणे. जीपच्या गिअरबॉक्समध्ये दंडगोल समांतर असतात. तिथे दात एकमेकांवर बरेचसे लोळतात, थोडेसे सरकतात. मागच्या एक्सलमध्ये मात्र गती काटकोनात वळवायची असते. तिथे लहान पिनियन आणि मोठे क्राऊन चाक असते. पिनियनचा अक्ष क्राऊनच्या मध्यातून न जाता खालून जातो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने ती १९२६ साली मोटारीत आणली. फिरणारा दांडा खाली गेल्यामुळे गाडीची बैठकही खाली आणता आली. पण त्याची किंमत दातांना मोजावी लागली, कारण प्रचंड दाबाखाली ते एकमेकांवर लांबीच्या दिशेने घासत सरकतात. सीजे-३बी जीपच्या एक्सलमध्ये पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दात असतात. म्हणजे गती ५.३८ पट कमी होते आणि पीळ तितकाच वाढतो. हा सगळा भार एका वेळी दोन-तीन दातांवर!

एवढ्या दाबाखाली तेलाचा थर पिळून निघतो आणि लोखंडाला लोखंड भिडते. म्हणून तेलात गंधक आणि स्फुरद यांची संयुगे मिसळतात. घासण्याच्या जागी क्षणभर तापमान फार वाढते. तेवढ्यात ही संयुगे लोखंडाशी संयोग पावून त्याच्या पृष्ठावर अतिशय पातळ थर बनवतात. पोलाद झिजण्याऐवजी हा थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो. जीएल-५ तेलात अशी द्रव्ये जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. डब्याचे झाकण उघडताच येणारा उग्र दर्प गंधकाचाच. जुने मिस्त्री वासावरूनच तेल ओळखतात, आणि ते बहुधा चुकत नाहीत.

आता गिअरबॉक्सकडे चला. या जीपच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला पितळी कडी असतात. त्यांना सिंक्रो रिंग म्हणतात. दोन चाकांचे वेग सारखे होईपर्यंत हे कडे शंकूवर घासून ब्रेकसारखे काम करते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. गंधकाचे तांब्याशी किती सख्य आहे, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. गरम तेलातला सक्रिय गंधक कड्यावर काळे कॉपर सल्फाइड चढवतो. घर्षणाने ते निघून जाते आणि त्याबरोबर पितळही थोडे थोडे जाते. शिवाय कड्याला आपल्या कामासाठी थोडे घर्षण हवेच असते. फार निसरडे तेल असेल तर ते पकडच घेत नाही. म्हणून पितळी कडी असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ आणि हायपॉइड एक्सलला जीएल-५ द्यावे. जीपच्या ट्रान्स्फर केसलाही गिअरबॉक्सचेच तेल चालते.

सगळीच जीएल-५ तेले पितळ खातात, असे मात्र समजू नका. आजच्या कित्येक तेलांत गंधक मवाळ रूपात असतो आणि तांब्याला जपणारी द्रव्येही घातलेली असतात. तेलाची परीक्षा घेण्यासाठी तांब्याची घासलेली पट्टी गरम तेलात ठरावीक तास बुडवतात आणि तिचा रंग तक्त्याशी ताडून पाहतात. पण तुमच्या हातातला डबा त्यांपैकीच आहे, हे डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेले असल्याशिवाय धरून चालू नये.

दुसरा घोळ आकड्यांचा. इंजिनाचे तेल ४० किंवा ५० आणि गिअरचे ९०, म्हणजे गिअरचे जवळजवळ दुप्पट घट्ट? मुळीच नाही! दोन्हींची मोजपट्टी वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला ९० नंबरच्या गिअर तेलाची श्यानता, म्हणजे घट्टपणा, १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक असते. ५० नंबरच्या इंजिन तेलाची १६.३ ते २१.९ असते. पाहा, ५० नंबरचे तेल ९० च्या बरोबरीचे किंवा थोडे घट्टच निघाले! म्हणूनच एमजीबीसारख्या काही ब्रिटिश मोटारींच्या पुस्तिकेत गिअरबॉक्समध्येही इंजिनाचेच तेल घालायला सांगितले होते. जुन्या गाडीची पुस्तिका मिळवण्याची खटपट म्हणूनच वाया जात नाही. गाडीच्या जन्माच्या वेळी जीएल-५ हे नाव कोणी ऐकलेलेही नसले, तरी तेलाचा घट्टपणा आणि एक्सल हायपॉइड आहे की नाही, हे तीत सापडते.

तेल बदलताना जवळ उभे राहायला मिळाले तर दोन गोष्टी पाहा. शहाणा मिस्त्री आधी वरचा भरण्याचा बूच सैल करून बघतो आणि मगच खालचा उघडतो. वरचा गंजून बसला असेल आणि तेल आधीच वाहून गेले, तर गाडी जागीच अडकते. मग निघालेल्या तेलाचे दोन थेंब पांढऱ्या फडक्यावर पसरायला सांगा आणि ते उन्हात धरा. करडी चमक दिसली तर ती पोलादाची. पिवळी चमक दिसली तर सिंक्रोची कडी झिजू लागली आहेत आणि आधी कोणते तेल भरले होते, ते मालकाला विचारायला हवे.