गाडी चालू का आहे, ते आधी विचारा

चिंचवडला आमचं घर पहिल्या मजल्यावर आहे आणि बेडरूमच्या बरोबर खाली सोसायटीचं पार्किंग. बरीच वर्षं पहाटे तिथे शेजारच्या काकांची डिझेल गाडी सुरू व्हायची आणि तशीच घुरघुरत उभी राहायची. काका तेवढ्यात वर जाऊन देवपूजा उरकायचे, डबा घ्यायचे, मग निघायचे. सासूबाईंची झोप आधीच सावध. एकदा मोडली की पुन्हा लागायची नाही.

खिडक्या लावून घेतल्या तर फरक पडत नाही, हा अनुभव पुष्कळांना असेल. उभ्या गाडीच्या इंजिनाचा आवाज खर्जातला असतो. चिरका आवाज काच बऱ्यापैकी अडवते, खर्जातला मात्र भिंतीतून आणि स्लॅबमधून वर येतो. मोबाइलवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपवर आकडा तेवढा मोठा दिसत नाही, कारण नेहमीच्या मोजणीत खर्जातल्या आवाजाला कमी वजन दिलं जातं. म्हणून शेजाऱ्याशी बोलताना डेसिबलचा आकडा पुढे करू नका. तो म्हणेल, ‘एवढा तर आमचा मिक्सर वाजतो.’ त्यापेक्षा गाडी किती वाजता सुरू झाली, किती मिनिटं उभी होती आणि घरात कोणाला त्रास झाला, एवढं वहीत लिहून ठेवा. ते खोडून काढता येत नाही.

आणि भांडण पहाटे करू नका. आमच्या सोसायटीत गॅलरीतून खाली ओरडण्याचे प्रकार झालेले आहेत. त्यातून अबोला निघाला, शांतता निघाली नाही. मी रविवारी दुपारी काकांकडे गेले आणि सरळ विचारलं, “काका, गाडी एवढा वेळ चालू का ठेवता?” काका म्हणाले, “अगं, डिझेल गाडी आहे. गरम न करता काढली की इंजिन खराब होतं.” काका जीप चालवायला शिकले त्या काळात हे खरंही होतं. थंड इंजिन नीट ओढायचं नाही, हिवाळ्यात बंद पडायचं. त्यांचा हेतू कोणाला छळण्याचा नव्हता, ते आपल्या गाडीची काळजी घेत होते.

आताच्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. इंजिनाला किती इंधन द्यायचं ते संगणक ठरवतो, आणि आपल्याकडच्या हवामानात इंजिन सुरू करून अर्धा-एक मिनिट थांबलं की पुरतं. त्यानंतर रेस न देता गाडी हळू काढली, तर उभं राहण्यापेक्षा इंजिन लवकर गरम होतं. उलट 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. गाडी तासन् तास उभ्या उभ्या चालू ठेवली की तो तुंबतो आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. टर्बो असलेली गाडी घाटातून दामटून आणली तर बंद करण्याआधी अर्धं मिनिट थांबावं, एवढं एक पथ्य अजूनही पाळण्यासारखं आहे.

हे मी सांगून काकांना पटलं नसतं. माणूस गाडीच्या बाबतीत फक्त आपल्या मेकॅनिकचं ऐकतो. म्हणून मी एवढंच म्हटलं, की पुढच्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याला विचारून बघा. त्यांनी विचारलं, आणि त्यानंतर पहाटेची घुरघुर थांबली. इंधन वाचतं, कार उभ्या उभ्याही तासाला साधारण अर्धा ते एक लिटर जाळते, हा मुद्दाही बोलण्यात यावा. पण पैशाचा हिशेब दुसऱ्याने मांडला की लोक दुखावतात, हे ध्यानात असू द्या.

घरचा प्रश्न असा सुटला. पवना धरणाच्या काठी मात्र गोष्ट जिवावर बेतू शकली असती, आणि मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

मे महिना संपत आला होता. तिकोना आणि तुंगच्या मधल्या त्या पाण्याकाठी तंबूंची रांग, आणि तंबूंना लागूनच गाड्या लावलेल्या. आम्ही, भाऊ-वहिनी आणि मुलं. रात्री गाणीबिणी बंद झाल्यावर एका गाडीचं इंजिन तेवढं ऐकू येत राहिलं. पाण्याकाठी रात्री आवाज फार लांब जातो. पाण्यालगतची हवा थंड आणि वरची तुलनेने गरम असली की आवाज वर न विरता खाली वळतो, त्यामुळे पलीकडच्या काठावरच्यालाही तो जवळचा वाटतो. आमच्या तर तो उशाशीच होता. भाड्याची पेट्रोल गाडी, तिचा सायलेन्सर भावाच्या तंबूकडे तोंड करून. मध्यरात्रीनंतर वहिनी डोकं धरून बाहेर आली. पाठोपाठ पुतण्याला मळमळायला लागलं. जेवण बाधलं असेल असं आधी वाटलं, पण तंबूत शिरल्यावर धुराचा वास आला.

इथे एक गोष्ट सगळ्यांनी पक्की लक्षात ठेवावी. गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतं, म्हणून माणूस शांतपणे श्वास घेत असूनही आतून गुदमरत जातो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही सुरुवातीची लक्षणं पित्तासारखीच वाटतात. एकाच तंबूत किंवा खोलीत झोपलेल्या दोघा-तिघांना एकदम असं होऊ लागलं, तर पित्ताची गोळी शोधत बसू नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, आणि कोणी गुंगीत वाटला तर थेट दवाखाना गाठा. आमची दोघं बाहेर बसल्यावर तासाभरात सावरली. डिझेलच्या धुरात हा वायू कमी असतो. पण तो धूर कर्करोगाला कारण ठरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली जाहीर केलं आहे. म्हणजे दोन्हींपासून लांबच झोपायचं.

भाऊ तावातावाने गाडीकडे गेला आणि काच वाजवली. आत ड्रायव्हर झोपलेला. काचा बंद, एसी चालू. मुंबईहून गाडी चालवत आलेला, सकाळी पुन्हा तेवढंच अंतर कापायचं, बाहेर उकाडा आणि डास. पाहुण्यांना तंबू होते, त्याला कोणी चटईसुद्धा दिलेली नव्हती. भावाचा राग तिथेच ओसरला. “दादा, अशा बंद गाडीत झोपू नका, तुमच्याच जिवाला धोका आहे,” असं तो म्हणाला आणि ते अक्षरशः खरं होतं. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणाऱ्याला सगळ्यात जास्त धोका असतो. कॅम्पवाल्याला उठवलं, एक रिकामा तंबू निघाला, पंखा मिळाला. इंजिन बंद झालं.

तेव्हापासून उभी गाडी घुरघुरताना दिसली की मी आधी कारण शोधते. बहुतेक वेळा काहीतरी कमी पडलेलं असतं. ड्रायव्हरला झोपायला जागा नसते, बॅटरी मरायला टेकलेली असते, बाहेरगावच्या कॅबवाल्याला बसायला साधा बाक नसतो. आमच्या गेटपाशी पहाटे उभ्या राहणाऱ्या कंपनीच्या कॅबचंही तेच निघालं: ज्यांना न्यायचं ते खाली यायला वेळ लावत. चूक ड्रायव्हरची नसतानाही शिव्या तोच खात होता. गाडी आल्यावर फोन आणि फोन आल्यावर लगेच खाली, एवढं ठरलं आणि काम झालं.

सगळेच असे नसतात, हेही मला माहीत आहे. सायलेन्सर बदलून मुद्दाम फटाके फोडणारा बुलेटवाला समजुतीने ऐकत नाही. तिथे कायदा वापरायलाच हवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. या वेळात वस्तीत तातडीच्या कारणाशिवाय हॉर्नही वाजवता येत नाही. आवाजाचे निकष मोडणारी गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रात्री त्रास असह्य झाला तर 112 ला फोन करा, स्वतः अडवायला रस्त्यावर उतरू नका. सोसायटीतल्या सभासदाविरुद्ध तक्रार असेल तर ती लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार बैठकीच्या इतिवृत्तात येत नाही, आणि इतिवृत्तात नसलेलं पुढे सिद्ध करणं अवघड जातं.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांतही रात्री 10 ते सकाळी 6 नाहक आवाज करायला बंदी आहे. आपल्या तळ्याकाठच्या तंबूवाल्यांनी एवढं करणं अवघड नाही. बुकिंग करताना आता मी न चुकता तीन गोष्टी विचारते: गाड्या तंबूंपासून किती लांब लागतात, जनरेटर किती वाजता बंद होतो आणि ड्रायव्हर कुठे झोपतात. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी पलीकडचा माणूस थबकतो. कॅम्प चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की एक पत्र्याची खोली, मच्छरदाण्या, दोन पंखे आणि मोबाइल चार्जिंगची सोय एवढं ड्रायव्हरसाठी करा. त्याचे पैसे आमच्या बिलात खुशाल लावा.