ऑर्डर देण्याआधी सगळ्यांना एका टेबलाशी बसवा

शाळा, वसतिगृह, गोदाम किंवा सोसायटीची इमारत बांधायला काढलेली मंडळी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : "प्रीकास्ट करावं का?" मी हो म्हणतो, पण एका अटीवर. कारखानदार, पायाचा ठेकेदार, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल डिझायनर आणि क्रेनवाला हे पाचही जण ऑर्डर निघण्यापूर्वी एकत्र बसणार असतील, तरच करा. लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या कामावर मी संस्थेच्या बाजूने देखरेख करणारा इंजिनीअर होतो. ही अट तिथे शिकायला मिळाली आणि तिची किंमत शाळेतल्या मुलांनी मोजली.

वेळ नेमका कुठे वाचतो

प्रीकास्टचे फायदे खरे आहेत, म्हणून आधी तेच सांगतो. नेहमीच्या पद्धतीत स्लॅब ओतला की काम थांबते. आयएस ४५६ नुसार ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावे लागतात. ६ मीटरपेक्षा लांब बीम असेल तर २१ दिवस. तोवर खालच्या मजल्यावर टेकूंचे जंगल असते आणि गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन बाहेर ताटकळतात. प्रीकास्टमध्ये साइटवर पाया खणला जात असतानाच तिकडे कास्टिंग यार्डात खांब, बीम, स्लॅब तयार होत असतात. वाफेचे क्युरिंग असेल तर साचा दुसऱ्याच दिवशी मोकळा होतो आणि त्यात पुढचा नग भरता येतो.

दुसरा फायदा दर्जाचा. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरने पाणी आणावे लागते. स्लॅबवर आठवडाभर पाणी मारा, असे सांगून आलो तरी दुपारी जाऊन पाहावे तर काँक्रीट कोरडे ठणठणीत. कारखान्यात खडी-वाळूचे वजन होते, पाण्याचे प्रमाण राखले जाते, व्हायब्रेशन एकसारखे मिळते, आणि खराब निघालेला नग इमारतीत जाण्याआधीच बाजूला काढता येतो. साइटवर ओतलेला बीम हनीकोम, म्हणजे जाळीसारखा पोकळ निघाला, तर तो बाजूला काढायची सोय नसते.

तिसरा फायदा माणसांचा. उंचावर, वाकड्या-तिकड्या बल्ल्यांवर उभे राहून करायचे बरेचसे काम जमिनीवर येते.

चेन्नईत लाइट हाउस प्रकल्पाखाली १,१५२ घरे प्रीकास्ट पद्धतीने बांधली गेली. १ जानेवारी २०२१ रोजी पायाभरणी झाली आणि मे २०२२ मध्ये उद्घाटन. मुंबईच्या अटल सेतूचे बरेचसे गाळेही आधी यार्डात ओतलेले तुकडे जोडून उभे राहिले. गावोगावच्या ह्यूम पाइपापासून कंपाउंडच्या पट्ट्यांपर्यंत प्रीकास्ट आपल्या ओळखीचे आहेच. तंत्राबद्दल शंका घ्यायचे कारण नाही.

शाळेचे काम कुठे अडले

संस्थेला जूनमध्ये वर्ग हवे होते. उन्हाळ्याच्या सुटीत इमारत उभी करायची, म्हणून प्रीकास्ट ठरले. निर्णय योग्य होता. मी कामावर रुजू झालो तेव्हा ऑर्डरी निघाल्या होत्या. पाया एका स्थानिक ठेकेदाराकडे, खांब-बीम-स्लॅब दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्याकडे, उभारणी तिसऱ्याकडे, वॉटरप्रूफिंग चौथ्याकडे. प्रत्येक काम सर्वांत कमी दराला गेले होते आणि कागदावर बचत दिसत होती.

पहिला ट्रेलर आला आणि खांब बसेना. पायातून वर सोडलेल्या सळया खांबाच्या बुडातल्या स्लीव्हमध्ये जायला हव्या होत्या. त्या जवळपास अर्धी वीत बाजूला होत्या. ठेकेदार म्हणाला, "साहेब, आम्हाला दिलेल्या नकाशाप्रमाणंच सळया सोडल्यात." कारखानदारानेही आपले शॉप ड्रॉइंग दाखवले. दोघेही खरे बोलत होते. मध्यंतरी आर्किटेक्टने जिना सरकवला होता. सुधारित नकाशा कारखान्याला पोचला, ठेकेदाराकडे आला नाही. कोणता नकाशा कोणाला कधी दिला, याची नोंद ठेवण्याचे काम कोणाच्याच ऑर्डरीत नव्हते.

सळया वाकवून घालू किंवा गॅसने कापू, असे मजुरांनी सुचवले. ते थांबवले. खांब आणि पाया यांना बांधून ठेवणारी गोष्ट तीच. डिझायनरला बोलावून, नव्याने हिशेब करून, भोके पाडून इपॉक्सीने सळया बसवाव्या लागल्या. तोवर क्रेन उभी राहिली आणि तिचे भाडे चढत राहिले.

मग मृगाचा पाऊस आला. क्रेनला उभे राहायला टणक जागा लागते, पण मुरूम टाकून दाबून घेण्याचा खर्च एकाही कोटेशनमध्ये नव्हता. काळ्या मातीत क्रेनचे पाय रुतू लागले आणि काम बंद पडले. पुढे स्लॅब बसले, तर इलेक्ट्रिशियन पंख्याच्या हुकासाठी भोके पाडायला निघाला. ते प्रीस्ट्रेस्ड होलो-कोअर स्लॅब होते. त्यातल्या ताणलेल्या तारांपैकी एखादी कापली गेली, तर स्लॅबची ताकदच जाते. हुकाच्या जागा साच्यातच ठेवायला हव्या होत्या, पण विजेचा नकाशा कारखान्याला कोणी दिलाच नव्हता.

शेवटी सांध्यांची पाळी आली. दोन स्लॅबमधली फट ग्राउटने कोणी भरायची? कारखानदाराचे काम माल पोचवण्यापर्यंत होते, उभारणीवाल्याचे नग जागेवर ठेवण्यापर्यंत. वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला, तयार पृष्ठभाग मिळाला तरच मी काम करीन. अखेर घाईने भरलेले सांधे पहिल्याच पावसाळ्यात गळले. मुले तोवर देवळाच्या सभामंडपात आणि जुन्या खोल्यांत दोन पाळ्यांत बसत होती. दहावीच्या मुलांचे ते वर्ष असे गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

काँक्रीट मात्र उत्तम होते. ताकद तपासायचे सगळे क्यूब पास झाले होते. दोष मालात नव्हता, माणसांची कामे एकमेकांना न विचारता वाटली गेली होती. ओतून तयार झालेला नग मागाहून बदलता येत नाही. साध्या बांधकामात गवंडी जागेवर चूक सांभाळून घेतो, इथे ती सवलत नाही. उशिरा घेतलेला प्रत्येक निर्णय इथे दुप्पट महाग पडतो.

सांध्याची जबाबदारी एकाचीच

गळती ही त्यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट जिवाची आहे. लंडनमधली रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत भिंतींचे प्रीकास्ट पॅनेल एकावर एक रचून उभारली होती. १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा तो कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे गेली. १९८६ मध्ये ती इमारत सुटी करून पाडताना काही सांध्यांत मसाल्याऐवजी वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले सापडले.

१९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात तेव्हाच्या लेनिनाकान, म्हणजे आजच्या ग्युमरी शहरात प्रीकास्ट खांब-बीमच्या कितीतरी नऊमजली इमारती पडल्या, पण मोठ्या पॅनेलच्या प्रीकास्ट इमारती टिकल्या. दोन्ही प्रीकास्टच, पण घडण आणि जोडणी वेगळी. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमध्ये प्रीकास्ट छपराच्या अनेक एकमजली शाळा कोसळल्या, कारण छताचे नग एकमेकांना आणि भिंतींना नीट बांधलेलेच नव्हते. त्या दिवशी प्रजासत्ताक दिनाची सुटी होती, म्हणून वर्ग रिकामे होते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कोणी विसरलेले नाही. किल्लारीत दगडमातीच्या भिंती पडल्या, म्हणून सिमेंट म्हणजे सुरक्षित, असे लोक धरून चालतात. सिमेंट पुरेसे नाही. इमारतीचे भाग भूकंपात एकमेकांना धरून राहिले, तरच माणसे वाचतात. म्हणून प्रत्येक सांध्याचे डिझाइन, ग्राउट, तपासणी आणि हमी एकाच नावावर लिहून घ्या. प्रीकास्ट इमारतीच्या डिझाइन-उभारणीसाठी आयएस १५९१६ आणि भूकंपासाठी आयएस १३९२० हे मानक आहेत. डिझायनरला पहिल्याच बैठकीत विचारा, की तुम्ही जोडणीचा हिशेब यांप्रमाणे देणार का.

बरोबर जमलेले काम

पुढे मुलींच्या एका वसतिगृहाचे काम आले. त्या संस्थेने मला आधीच बोलावले. आम्ही सगळ्यांना एका टेबलाशी बसवले आणि नकाशा पक्का होईपर्यंत साचा लावायचा नाही, असे ठरवले. कारखानदाराने पहिल्याच दिवशी सुचवले, की खोल्यांच्या चार वेगवेगळ्या रुंद्यांऐवजी दोनच ठेवल्या तर साचे निम्म्यावर येतील. आर्किटेक्टने ते मानले. क्रेनवाल्याने जागा पाहून विहिरीकडची बाजू नाकारली आणि रस्ता कुठून करायचा ते दाखवले. गावाच्या वळणावरची विजेची तार आडवी येत होती. तिचा अर्ज वेळेत गेला.

त्या बैठकांना वेळ लागला आणि संस्थेच्या काही विश्वस्तांना वाटले, हे नुसते बोलतच आहेत. पण उभारणी सुरू झाल्यावर एकही नग परत गेला नाही. एकदा एक बीम उतरवताना कोपरा फुटला. करारात बदलीचा नियम होता, म्हणून फोनवर दोन मिनिटांत प्रश्न सुटला. पावसाळ्यापूर्वी छत बंद झाले आणि मुली वेळेवर राहायला आल्या.

ऑर्डर देणाऱ्यांसाठी

प्रीकास्ट तुमच्या कामाला योग्य आहे का, ते आधी पाहा. एकसारखे गाळे पुन्हा पुन्हा येत असतील, जागेपर्यंत ट्रेलर पोचत असेल आणि कारखाना फार लांब नसेल, तर फायदा आहे. एकट्या बंगल्याला, जिथे प्रत्येक खोली निराळी, तिथे साच्यांचाच खर्च अंगावर येतो. घनमीटरचा दर पाहून तुलना करू नका. सेंटरिंग, प्लास्टर, वाचलेले महिने आणि वाचलेले भाडे असे सगळे मांडा.

वजनाचा हिशेब स्वतः करा. सळईसह काँक्रीट घनमीटरला सुमारे अडीच टन भरते. म्हणजे ३ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि १५० मिलिमीटर जाड पॅनेल जवळपास ३.४ टनांचे झाले. क्रेनवर लिहिलेली क्षमता ही तिचा दांडा जवळ असतानाची असते. दांडा जसा लांब जाईल तशी ती झपाट्याने घटते. सर्वांत जड आणि सर्वांत लांबचा नग कोणता, त्या अंतरावर ही क्रेन किती उचलते, हे तक्त्यावरून लेखी घ्या.

कारखाना निवडताना यार्डात जा. प्रत्येक नगावर क्रमांक, ओतल्याची तारीख आणि वजन आहे का? क्यूबचे रजिस्टर रोजचे आहे का? नग एकावर एक रचताना मधल्या लाकडी पट्ट्या एकाखाली एक सरळ रेषेत आहेत का? त्या पुढेमागे असतील तर खालचे नग तडकतात. मग त्यांनी केलेली, दोन पावसाळे काढलेली इमारत पाहायला भर पावसात जा आणि तिथे राहणाऱ्यांशी बोला.

करारात पाच गोष्टी असू द्या. नकाशांची एकच नोंदवही आणि ती सांभाळणारी एक व्यक्ती. पाया आणि खांब यांच्या मापातली चालणारी तफावत, आणि पहिला ट्रेलर निघण्याआधी दोघांनी मिळून केलेली मोजणी. क्रेनची जागा, ग्राउट, सीलंट आणि तात्पुरते टेकू कोणाकडे, याचा तक्ता. ग्राउटला ठरलेली ताकद आल्याशिवाय टेकू न काढण्याचे बंधन. आणि वाद झाल्यास किती दिवसांत कोण निर्णय देणार, ते कलम. विक्रीच्या सदनिकांना रेरा कायद्यामुळे ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. शाळा-वसतिगृहाला ते आपोआप लागू होत नाही, म्हणून तशी हमी करारातच लिहून घ्या. समोरची संस्था भागीदारी फर्म असेल तर तिची नोंदणी पाहा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार अनोंदणीकृत फर्मला कराराच्या हक्कासाठी दावा लावता येत नाही, आणि असा भागीदार अडचणीत तुमच्याही उपयोगाचा नसतो.

पैशाच्या बाबतीत तुम्हीही चांगले भागीदार व्हा. कारखानदाराचा खर्च साइटवर काही दिसण्याआधीच होतो. त्याचे पैसे अडवले तर तो तुमचे साचे बाजूला ठेवून दुसऱ्याचे काम घेणार. आगाऊ रक्कम बँक गॅरंटीवर द्या आणि यार्डात तपासून शिक्का मारलेल्या नगांचे बिल वेळेवर चुकवा. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ४५ दिवसांच्या आत पैसे देणे २००६ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ज्याचे पैसे वेळेवर मिळतात, तो अडचण आली की फोन उचलतो.

विश्वस्त, सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष यांना माझी कळकळीची विनंती आहे. सर्वांत कमी दराची पाच पत्रके घरी बसून जोडू नका. त्या पाचही माणसांना एक नकाशा समोर ठेवून एकत्र बोलवा आणि प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून विचारा, "हा कोणाचा?" जो त्या बैठकीला यायला तयार नाही, त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याला काम देऊ नका.