दुरून केलेलं निदान कितपत खरं मानावं?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही, पण आपल्या सगळ्यांच्या मोबाईलमधला आहे. एखाद्या मोठ्या नेत्याचा पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ येतो. नेता बोलता बोलता थांबतो, कुणाचं तरी नाव विसरतो किंवा पायरीवर अडखळतो. खाली लिहिलेलं असतं, "बघा, यांना स्मृतिभ्रंश झालाय." कधी कधी लिहिणाऱ्याच्या नावापुढे 'डॉक्टर' असतं. मग आपल्याला ते खरंच वाटतं. पण ज्याला कधी तपासलंच नाही, त्याचा आजार टीव्हीवर पाहून सांगता येतो का? याचं उत्तर शोधायला अमेरिकेतलं एक प्रसिद्ध उदाहरण उपयोगी पडतं.

१९६४ ची गोष्ट

१९६४ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. लिंडन जॉन्सन यांच्या विरोधात बॅरी गोल्डवॉटर उभे होते. 'फॅक्ट' नावाच्या मासिकाने देशातल्या १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारलं की, गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्ष व्हायला मानसिकदृष्ट्या योग्य आहेत का? २,४१७ जणांनी उत्तर दिलं. त्यातले १,१८९ 'नाही' म्हणाले, ६५७ 'हो' म्हणाले आणि ५७१ जणांनी सांगितलं की, मत द्यायला आमच्याकडे पुरेशी माहिती नाही. मासिकाने मुखपृष्ठावर मात्र १,१८९ हाच आकडा ठळकपणे छापला.

इथे आपलं शेकडेवारीचं गणित कामाला येतं. ज्यांना पत्र गेलं त्यांच्यापैकी शंभरातल्या दहा जणांनीही 'नाही' म्हटलं नव्हतं. जवळजवळ ऐंशी टक्के लोकांनी तर उत्तरच दिलं नाही. म्हणजे आकडा खोटा नव्हता, पण त्यातून दिसणारं चित्र खोटं होतं. आणि त्याहून मोठा मुद्दा असा की, हे तज्ज्ञ वर्तमानपत्रं आणि भाषणांवरून मत देत होते. मासिकाने मत मागितलं होतं ते तपासणीवर आधारलेलं नव्हतंच.

गोल्डवॉटर निवडणूक हरले. नंतर त्यांनी मासिकावर बदनामीचा खटला भरला. १९६८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. भरपाई म्हणून १ डॉलर आणि दंडादाखल ७५,००० डॉलर मिळाले. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या सदस्यांसाठी नियम केला. स्वतः तपासल्याशिवाय आणि तशी परवानगी असल्याशिवाय सार्वजनिक व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत द्यायचं नाही. आजाराविषयी सर्वसाधारण माहिती मात्र लोकांना जरूर सांगावी. यालाच 'गोल्डवॉटर नियम' म्हणतात.

दुरून का कळत नाही?

नाव न आठवणं हे एक लक्षण आहे, आजार नव्हे. त्यामागे वय असेल, झोप कमी झाली असेल, ऐकू कमी येत असेल, औषधाचा परिणाम असेल. थायरॉइडचा त्रास, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य यांमुळेही विसरायला होतं, आणि यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. म्हणून डॉक्टर घरच्यांना विचारतात की, आधी हा माणूस कसा होता? रक्त तपासतात, गरज पडली तर मेंदूचा स्कॅन करतात. व्हिडिओत यातलं काहीच नसतं. शिवाय तो कुणीतरी कापून, निवडून पाठवलेला असतो. जो बायडन लहानपणी तोतरे बोलायचे. ज्याला हे माहीत नाही, तो त्यांचं प्रत्येक अडखळणं आजारात मोजेल.

पण जवळचे तरी खरं सांगतात का?

आता दुसरी बाजू बघू. ऑक्टोबर १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. त्यांच्या पत्नी एडिथ आणि डॉक्टर ग्रेसन यांनी आजाराचं खरं गांभीर्य लोकांपासून लपवलं. १९२१ पर्यंत विल्सन पदावर राहिले. म्हणजे जवळच्या डॉक्टरचा शब्दही डोळे झाकून मानता येत नाही.

२०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना एका चाचणीत ३० पैकी ३० गुण मिळाल्याचं त्यांच्या डॉक्टरांनी जाहीर केलं. त्या चाचणीत घड्याळ काढणं, प्राण्यांची नावं ओळखणं असे प्रश्न असतात. ती प्राथमिक चाळणी आहे. त्यावरून कुणाला आजार आहे असंही ठरत नाही आणि राज्यकारभाराची समज आहे असंही ठरत नाही.

रोनाल्ड रेगन यांनी आपल्याला अल्झायमर असल्याचं १९९४ मध्ये, पद सोडल्यावर जवळपास सहा वर्षांनी जाहीर केलं. २०१५ मध्ये अॅरिझोनातल्या संशोधकांनी त्यांच्या जुन्या पत्रकार परिषदांमधली भाषा तपासली. शब्दांची पुनरावृत्ती वाढत गेल्याचं त्यांना दिसलं. तरीही पदावर असताना रेगन यांना आजार होता असं यातून सिद्ध होत नाही, असं त्यांनीच सांगितलं. तज्ज्ञ असं बोलला की विश्वास वाढतो, नाही का?

मग लोकांनी गप्प बसायचं का?

मुळीच नाही. फक्त प्रश्न नीट विचारायचा. "यांना कोणता आजार आहे?" हा डॉक्टरांचा प्रश्न. "यांना हे काम जमतंय का?" हा मतदाराचा प्रश्न. जून २०२४ मधल्या वादसभेत ८१ वर्षांचे बायडन वाक्यं पूर्ण करताना चाचपडले. ते सगळ्यांनी पूर्ण कार्यक्रमात पाहिलं. त्यावर शंका घ्यायला कुणालाही वैद्यकीय पदवी लागत नव्हती. पुढच्या महिन्यात त्यांनी उमेदवारी मागे घेतली. लोकांनी कामाबद्दल विचारलं ते रास्तच होतं. आजाराचं नाव चिकटवणं रास्त नव्हतं.

आपल्या वर्गाशी संबंध

हा विषय इथे का घेतला? कारण शाळेतही हेच घडतं. मूल वाचताना अडखळलं की "हे गतिमंद आहे", जागेवर बसलं नाही की "याला काहीतरी प्रॉब्लेम आहे" असं पटकन बोललं जातं. ते नाव मग वर्षानुवर्षं मुलामागे फिरतं. नेत्याकडे कोर्टात जायला पैसा आणि वकील असतात, आपल्या दुसरीतल्या पोराकडे काय असतं? आपण शिक्षक रोज जवळून पाहतो, हे आपलं बळ आहे. म्हणून पाहिलेलं लिहावं: "फळ्यावरचं उतरवताना ओळी सुटतात, आठवड्यात तीनदा असं झालं." कदाचित नजर कमी असेल, चष्म्याने काम होईल. आजाराचं नाव ठरवायचं काम तपासणाऱ्यांचं.

वरच्या वर्गांसाठी चर्चेचे प्रश्न

१. हे कोण सांगतंय? त्याने त्या व्यक्तीला तपासलंय का?
२. व्हिडिओ पूर्ण आहे की तुकडा?
३. सांगणाऱ्याचा यात काही फायदा आहे का?
४. हे वाक्य निरीक्षण आहे की निदान?

चौथ्या प्रश्नासाठी मुलांना दहा वाक्यं देऊन दोन रकान्यांत लिहायला लावा. पालकांनीही घरी करून बघा, आणि पुढचा व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी हेच चार प्रश्न एकदा स्वतःला विचारा.