पुण्याची मंडई

मुळशी तालुक्यातील पौड गावाहून पूर्वेकडे निघालो, की आपण पुण्यात येतो. शहराच्या मध्यभागी, शुक्रवार पेठेत, एक मोठा चौक आहे. तेथे दगडी बांधणीची एक भव्य इमारत दिसते. हीच महात्मा फुले मंडई. तुमच्या ओळखीचा ‘मंडी’ आणि मराठीतील ‘मंडई’ हे शब्द किती जवळचे आहेत, पाहा!

पूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात, उघड्यावर भरत असे. ऊन आणि पाऊस यांचा सर्वांनाच त्रास होई. म्हणून नगरपालिकेने मंडई बांधायचे ठरवले.

त्या वेळी जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला. गरिबांची मुले शाळेबाहेर असताना इमारतीवर लाखो रुपये का घालवायचे? हा पैसा शिक्षणासाठी वापरावा, असे त्यांचे मत होते. पण त्यांचे कोणी ऐकले नाही. १८८६ साली मंडई सुरू झाली. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणू लागले.

इमारत मात्र खरोखर सुंदर आहे. मधोमध अष्टकोनी मनोरा आहे. त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे लांब दालने पसरली आहेत. छप्पर उंच असल्याने आत हवा खेळती राहते. गाळ्यांवर बसलेले विक्रेते गिऱ्हाइकांना हाका मारत असतात.

मंडईच्या चौकात लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२४ साली पंडित मोतीलाल नेहरूंनी त्याचे अनावरण केले. आता चौकाजवळच भुयारी मेट्रोचे स्थानकही आहे. ते २०२४ साली सुरू झाले.

पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला, त्यांचेच नाव आज तिच्यावर आहे! मंडई उपयोगी ठरली, हे खरे. पण जोतीरावांचा प्रश्नही खोटा नव्हता. गावाला बाजार हवा, तशीच शाळाही हवी. आधी काय बांधावे? हा प्रश्न आजही प्रत्येक गावापुढे येतो.

शब्दार्थ
मनोरा – मीनार
अष्टकोनी – आठ कोन असलेला
गाळा – दुकानाची जागा
गिऱ्हाईक – ग्राहक
अनावरण – पडदा दूर करून पुतळा खुला करणे

स्वाध्याय
१. मंडई होण्यापूर्वी भाजीबाजार कोठे भरत असे?
२. जोतीरावांनी खर्चाला विरोध का केला?
३. तुमच्या गावातील चौकाची माहिती पाच वाक्यांत लिहा.